ऑप्टिमिस्ट, दोन सीझननंतर: होडी झकास, टोपण भिकार

परवाच्या रविवारी दुसऱ्या शर्यतीत आमची ऑप्टिमिस्ट, म्हणजे मुलांची छोटी शिडाची होडी, उलटली. त्यात विशेष काही नाही, ऑप्टी उलटतातच. पोर डॅगरबोर्डवर, म्हणजे होडीच्या तळातून पाण्यात सोडलेल्या फळीवर, उभी राहते, होडी सरळ करते, डब्याने पाणी उपसते आणि पुढे निघते. या वेळी होडी सरळ झाली ती डाव्या कुशीवर कलून. लेक उजवीकडे बसून पाणी उपसतेय आणि डाव्या काठावरून तेवढंच पाणी पुन्हा आत येतंय. दहा मिनिटं हाच खेळ. शेवटी रेस्क्यू बोटीतल्या सरांनी दोर टाकला. किनाऱ्यावर आणून बघते तर डावीकडची हवेची पिशवी भेळ संपलेल्या पुडीसारखी चपटी. टोपण गायब.

म्हणून हा रिव्ह्यू. नाहीतर मे महिन्यात सीझन संपल्यावर निवांत लिहिणार होते.

२.३ मीटर लांबी, ३५ किलोचा सांगाडा, एक शीड, एक मूल, हे इथे वाचणाऱ्यांना माहीत आहेच, ते उगाळत नाही. गेल्याच्या गेल्या ऑक्टोबरात घेतली तेव्हा लेक ११ वर्षांची, वजन ३४ किलो. सेकंडहॅण्ड, तरी एका बऱ्यापैकी स्कूटरची किंमत पडली. "स्कूटर असती तर भाजी तरी आणता आली असती," हे नवऱ्याचं वाक्य घरात अजून महिन्यातून एकदा ऐकू येतं.

होडीबद्दल माझी तक्रार नाही. सुरुवातीला होती. बाथटबला शीड लावल्यासारखी दिसते, आणि शेजारून लेझर ही मोठी शिडाची होडी सुसाट गेली की आपलं मूल टपात बसलंय असं वाटतं. ते मत पहिल्या दोन महिन्यांत गेलं. कारण एकच, लेक सगळं एकटी करते. डोलकाठी उभी करणं, शिडाच्या नाड्या एकेक करून बांधणं, ट्रॉली ढकलणं. नाड्या बांधताना पहिल्या महिन्यात रडायची, आता गप्पा मारत बांधते. शिडाचं वरचं टोक तिरकं ढकलून धरणारा जो दांडा असतो, स्प्रिट, तो ढिला राहिला की शिडात तिरकी सुरकुती पडते. ती सुरकुती तिला आता किनाऱ्यावरून दुसऱ्याच्या होडीतही दिसते. गणितात एवढं लक्ष दिलं असतं तर, असो.

मुंबईच्या खाडीत ही होडी चालवायची तर वाऱ्याइतकीच भरती-ओहोटी समजावी लागते. सकाळी मतलई वारा पडतो, खारा वारा यायला दुपार होते, आणि मधल्या वेळेत ओहोटी असली तर मुलं जागच्या जागी बसून बाहेर वाहत जातात. शिवाय डॅगरबोर्डला प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकतात. होडी अचानक जड वाटली की बोर्ड वर ओढायचा, पिशवी सोडवायची, परत खाली सोडायचा. तलावावर शिकलेल्या मुलांना हे नवीन असतं.

आता टोपण.

ऑप्टीत हवेच्या तीन पिशव्या असतात, दोन बाजूंना दोन आणि मागे एक. पाणी भरलं तरी होडी तरंगते ती त्यांच्यामुळे. पिशवीच्या नळीला दाबून बसवायचं एक टोपण. करंगळीच्या नखाएवढं. पहिल्या सीझनमध्येच डावी पिशवी रात्रीतून मऊ पडायला लागली. सासऱ्यांनी, आबांनी, ती सायकलच्या ट्यूबसारखी बादलीत बुडवली. पिशवी ठणठणीत, बुडबुडे टोपणाच्या कडेने. मी सामान मागवलं होतं तिथे फोन केला.

"मॅडम, टोपण सुटं येत नाही. पूर्ण पिशवी घ्या."

"अहो, पिशवीला काही झालेलं नाही."

"हो, पण टोपण पिशवीबरोबरच येतं."

कुकरची शिट्टी सुटी मिळते. रिंग सुटी मिळते. कानाचा नट सुटा मिळतो. आणि पोरांचा जीव ज्याच्यावर तरंगतो त्या पिशवीचं टोपण मिळत नाही! तीन फोन, दोन मेल, टोपणाचे फोटो शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. उत्तर तेच. ही होडी १९४७ मध्ये फ्लोरिडात क्लार्क मिल्स नावाच्या माणसाने बनवली ती ५० डॉलरच्या आत बसावी म्हणून, साध्या प्लायवूडमधून. आज त्या पैशांत तीन पिशव्यासुद्धा येत नाहीत. शेवटी आबांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक बारीक वायसर कापून टोपणाखाली बसवला. फुकटात काम झालं. वर्षभर एक बुडबुडा नाही. मी सगळ्यांना अभिमानाने सांगत होते.

इथपर्यंत लिहून मी एक तारा देणार होते. मग काल कोच सरांशी बोलणं झालं आणि थोडं मागे घ्यावं लागतंय. सर म्हणाले, एप्रिलच्या उन्हात होडी दोन तास वाळूवर उभी होती, तुम्ही पिशव्या सकाळीच ढोलासारख्या टम्म भरल्या होत्या. आतली हवा तापून फुगते. टोपण पूर्ण आत बसलेलं असतं तर टिकलं असतं, पण खाली वायसर असल्यामुळे ते अर्धवटच बसत होतं. तेव्हा चूक अर्धी माझी, पाव वायसरची. आबांना हे अजून सांगितलेलं नाही. पिशव्या थोड्या सैल ठेवा, पाण्यात उतरण्याआधी अंगठ्याने दाबून बघा. टोपण सुटं न विकणाऱ्यांची उरलेली पाव चूक मी माफ करणार नाही.

"आता मोठी होडी घ्या की" असं सुचवणाऱ्यांसाठी. तोही प्रयोग झाला. २०२३ मध्ये हांगझोच्या एशियाडमध्ये नेहा ठाकूरने मुलींच्या इल्का ४ या एकटीने चालवायच्या होडीत रौप्य आणलं, तेव्हापासून आमच्याकडे त्याच होडीचा जप चालू होता. हिशेबी आईलाही ती आवडावी अशी आहे. जुनं नाव लेझर ४.७. सांगाडा तोच ठेवून डोलकाठीचा खालचा भाग आणि शीड बदललं की इल्का ६ होते, पुढे इल्का ७. शाळेच्या फ्रॉकची दुमड सोडावी तसं. गेल्या नोव्हेंबरात क्लबची होडी दोन शनिवार-रविवार मागून घेतली. लेक तेव्हा १२ वर्षांची, ३८ किलो. नुसता सांगाडा ५९ किलोचा. वारा जरा वाढला की ही अर्धं अंग बाहेर टाकूनही होडी सपाट राहीना. उलटल्यावर बोर्डला लटकायची, होडी ढिम्म. दुसऱ्या रविवारी स्वतःच म्हणाली, "आई, माझी ऑप्टीच बरी."

तेव्हा माझं स्पष्ट मत, वय बघू नका, वजनकाटा बघा. साधारण पन्नाशीच्या आसपास किलो भरेपर्यंत इल्का ४ ची घाई नको. ऑप्टीत पंधरावं वर्ष पूर्ण होतं ते साल संपेपर्यंत शर्यतीत उतरता येतं, त्यामुळे घाईचं कारणही नाही. उलट आडव्या अंगाचा १३ वर्षांचा मुलगा ऑप्टीत कोंबलेला बघवत नाही, तो सरळ पुढे जाऊ द्या.

आणि ज्याला एकट्याने होडीत कंटाळा येतो त्याच्यासाठी दोघांची ४२०. लांबी ४२० सेंटिमीटर, म्हणून नाव ४२०. (नवऱ्याने यावर जो विनोद केला तो तुम्हीही केला असेल.) गेल्या महिन्यात एका दादाने लेकीला क्रू म्हणून घेतलं. कमरेला पट्टा, डोलकाठीवरून येणाऱ्या तारेला हूक, पाय काठावर आणि अख्खी पोरगी पाण्यावर आडवी. परत आली ती दोन तास बोलतच होती. वजन कमी असल्याने शर्यतीचं काही खरं नाही, पण इतकी हसताना मी तिला ऑप्टीत कधी पाहिली नाही. २९अर ही दोघांचीच दुसरी होडी आणखी वेगवान आणि चंचल म्हणतात, ती मी फक्त किनाऱ्यावरून बघितलीय, दोन्ही मुलं सारखी पाण्यात होती.

पुढचा एक सीझन तरी ऑप्टीच. पावसाळ्यात ताडपत्रीखाली पालथी. जुलैत हैदराबादच्या हुसेन सागरावर मान्सून रिगाटा, म्हणजे शिडाच्या होड्यांची स्पर्धा, असते, तिथे जायचा हट्ट सुरू झालाय, रेल्वेची तिकिटं बघतेय.

होडीला साडेचार तारे. टोपणाला शून्य. नवी पिशवी शेवटी मागवलीच, महिन्याच्या किराण्यातले पैसे गेले. जुनी पिशवी धडधाकट, फक्त टोपणाविना, माळ्यावर पडून आहे. कुणाकडे फाटकी पिशवी आणि शाबूत टोपण असेल तर कृपया कळवा, कुरिअरचे पैसे मी देईन.