गणवेशाचं कापड घेताना आधी धागा जाळून पाहा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात माझं शिलाईचं दुकान आहे. उन्हामुळं विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, म्हणून गणवेशाचं कापड मी मे महिन्यातच भरून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी एक कापडवाला गाडी घेऊन दारात आला. नमुन्याचं पुस्तक उघडून म्हणाला, टेरीकॉट, ६७-३३. म्हणजे दोन भाग पॉलिस्टर, एक भाग कापूस. नमुना हाताला चांगला लागला, भाव बाजारापेक्षा कमी. प्लॅस्टिकात बंद असलेले चार ताके मी रोखीनं घेतले. बिलावर त्यानं नुसतं ‘शर्टिंग’ लिहिलं. मी वाचलंसुद्धा नाही.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला नसेल, एक माय शर्ट घेऊन आली. “भाऊ, हे पोराच्या पाठीले चिपकते. घामोळ्या उठल्या न!”

मग मी उभा अन् आडवा, दोन्ही धागे काढून जाळले. कापसाचा धागा कागदासारखा जळतो, राख बोटात विरते. मिश्र कापडात गोळी उरते, पण थोडी राखही पडते. इथं धागा ज्योतीपासून आक्रसत मागं सरला, काळा धूर निघाला अन् टोकाला टणक काळा मणी. राख नावालाही नाही. निव्वळ पॉलिस्टर!

फोनवर तो म्हणतो, “नायलॉन मिक्स आहे दादा, फाटणारच नाही.” नायलॉनशी माझं काही वैर नाही. दप्तर, रेनकोट, बैलाचा कासरा, सगळं त्याचंच चांगलं. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटही त्याच्या झाल्या. ओढला, घासला तरी टिकतो. पण घाम पिणं त्याला कापसाइतकं जमत नाही. साध्या हवेत १०० ग्रॅम कापूस ८ ग्रॅमच्या आसपास ओल धरतो, नायलॉन ४, पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही नाही. अन् हे तर नायलॉनही नव्हतं. त्याचा मणी भुरकट होतो, इतका काळा नाही.

पैसे परत मागितले तर उलट मलाच विचारतो, “बिलावर टेरीकॉट कुठं लिहिलंय?” खरंच लिहिलेलं नव्हतं. साठ शर्ट मी पदरच्या कापडात पुन्हा शिवून दिले. उरलेल्या ताक्यांच्या बाजाराच्या पिशव्या केल्या, त्या मात्र अजून फाटल्या नाहीत.

यंदा मे महिन्यात तीच गाडी शेजारच्या गावात येऊन गेली. नमुन्याचं पुस्तकही तेच होतं म्हणे.