लोणारचे दगड पाहायला दहा पटींचं भिंग: घ्यावं का?

घ्यावं, पण पारखून. 'तीस पट' असं कोरलेली 21 मिलिमीटरची घडीची भिंगं बरेचदा दहा पटींचीच निघतात. दुकानातच तपासा: बारीक छापील अक्षर स्वच्छ दिसेल तेव्हा भिंग कागदापासून किती उंच आहे ते पट्टीनं मोजा. अडीच सेंटिमीटर भरलं तर दहा पट. खऱ्या तीस पटीला दगड आठ मिलिमीटरवर आणावा लागतो, उजेडच अडतो. म्हणून दहाच बरं, तेही ट्रिपलेट, म्हणजे तीन काचा चिकटवलेलं. एका काचेच्या भिंगात कडेला निळी-तांबडी झालर येते आणि खनिजांचे रंग फसवतात.

भिंग डोळ्याशी धरा, हात गालाला टेकवा, ऊन बाजूनं येऊ द्या. दगड ओला केला की कण उठून दिसतात. लोणारचं विवर, म्हणजे उल्केच्या आघातानं पडलेला खड्डा, अभयारण्यात आहे. तिथला दगड फोडू नका, उचलू नका. भिंगच दगडापाशी न्या.

साध्या बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हाच्या काळ्या दगडात, झिओलाइट या पांढऱ्या खनिजानं भरलेली छिद्रं आणि प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या चमकत्या काड्या दिसतात. काठाबाहेर फेकल्या गेलेल्या थरात कोनदार तुकडे एकमेकांत रुतलेले, कुठे त्यांच्याभोवती काळी काच. इथवर भिंग उत्तम काम देतं. आघाताचा पक्का पुरावा मात्र मॅस्केलिनाइट, म्हणजे धक्क्यानं काच झालेला प्लॅजिओक्लेज. त्यासाठी 0.03 मिलिमीटर जाडीचा काप ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली फिरवावा लागतो. काप कसाही फिरवला तरी त्यातला मॅस्केलिनाइट काळाच राहतो. सरोवराच्या तळाखालच्या विंधनांतून असाच पुरावा मिळाला, तो 1973 मध्ये प्रसिद्ध झाला.

सोबत चुंबक देणारा महागडा संच नको. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतंच, त्यामुळे वावरातला साधा धोंडाही चुंबकाला ओढ देतो आणि गावभर उल्का सापडल्याची बोंब होते. वीटभट्टीचा खंगरही असाच फसवतो. भिंगाखाली त्याची फेसाळ छिद्रं लगेच दिसतात, उल्कापाषाणात ती सहसा नसतात.

शाळेसाठी घेत असाल तर मुलं डायनासोरबद्दल विचारणारच. लोणारचं विवर जेमतेम 1.8 किलोमीटर रुंद आणि सुमारे 5.7 लाख वर्षांचं. डायनासोरांचा संहार घडला 6.6 कोटी वर्षांपूर्वी. त्याच्याशी जोडलेलं मेक्सिकोतलं चिक्शुलूब विवर सुमारे 180 किलोमीटरचं, चुनखडीखाली गाडलेलं, गुरुत्वाच्या मोजणीतून सापडलेलं. पण मुलांच्या हातातला बेसाल्ट त्याच काळाच्या आसपास ओतला गेला, हे जरूर सांगा.

धूळ आधी फुंकून मगच सुती कापडानं पुसा, नाहीतर काचेवर ओरखडे पडतात. आणि उन्हाळ्यात भिंग उघडं टाकून उठू नका, वाळलं गवत पेट घेतं.