कुत्र्याला 'ये' शिकवायचा दहा मीटरचा नायलॉन पट्टा: पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, कितपत टिकतो?

पट्टा चांगला, हूक भिकार. वीस मिलिमीटर रुंदीची पट्टी अंगात वारं भरलेल्या लॅब्रेडॉरचा हिसकाही सोसते. पण मुलामा दिलेला लोखंडी हूक खाऱ्या हवेत गंजतो, स्प्रिंगमध्ये वाळू अडकते आणि खटका अर्धवटच मिटतो. कुत्रा सुटतो तो इथेच. चांभाराकडून पितळी हूक शिवून घ्या. दर फेरीनंतर गोड्या पाण्यात धुऊन खोबरेलाचा एक थेंब.

गळपट्ट्याला नको, हार्नेसच्या (छाती-पाठीभोवती बांधायच्या साजाच्या) पाठीवरच्या कडीला लावा. धावत्या कुत्र्याला टोकाशी बसणारा झटका मानेवर येऊ नये. पट्टा हाताला गुंडाळलात तर सोलवटून निघाल. 'ये' एकदाच म्हणायचं, नाही आला तर हलकेच ओढून घ्यायचं, आला की उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा. सुकट नको, मीठ फार.

सुरूच्या बनात हा निरुपयोगी, दर खोडाला वेढा. कुर्ल्यांची बिळं उकरणाऱ्या उपद्व्याप्यांसाठी मात्र झकास. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढून झाल्यावर वाळूत टाकलेला केंड मासा तोंडात जायच्या आत आवरता येतं, आणि केंड विषारी! पावसाळ्यात पट्टा वाळत नाही, कुबट वास मारतो. चुलीजवळ नायलॉन वितळेल. पडवीत वाशाला टांगा.