ईएसआर मीटर: दोन वर्षं वापरल्यावर

व्हीसीआर पूर्ण बंद होता, साधा लाल दिवाही लागत नव्हता. सप्लायमधला 47 मायक्रोफॅरड, 50 व्होल्टचा छोटा कपॅसिटर काढून मल्टिमीटरवर मोजला, 43 आला. इलेक्ट्रोलिटिकमध्ये, म्हणजे आत ओलं रसायन असलेल्या अशा कपॅसिटरमध्ये, वीस टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणून चांगला समजून परत लावला. मग आयसी बदलला, डायोड बदलले, आणि शेवटी सेट आठ महिने माळ्यावर पडला.

ईएसआर मीटर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रोध मोजणारा मीटर, हातात आल्यावर पहिल्यांदा तोच कपॅसिटर तपासला. 21 ओहम! त्याच मापाचा नवा अर्ध्या ओहमच्या आत दाखवत होता. नवा लावला आणि दिवा लागला. त्या क्षणी झालेला आनंद अजून आठवतो.

कपॅसिटर फुगलेला नव्हता, गळलेलाही नव्हता. हीटसिंकला चिकटून बसल्यामुळे आतला इलेक्ट्रोलाइट वाळत गेला आणि रोध वाढत गेला. मल्टिमीटर सावकाश चार्ज करून फक्त क्षमता मोजतो, त्याला हे कळत नाही. ईएसआर मीटर मात्र 100 किलोहर्ट्झच्या वेगाने बदलणाऱ्या करंटवर मोजतो, म्हणून त्याला हा रोध दिसतो. दहा अंश तापमान वाढलं की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून मूळचा 85 अंशांचा असला तरी मी आता 105 चाच घालतो.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे कपॅसिटर बोर्डावरच तपासता येतो. मीटरचं व्होल्टेज इतकं कमी असतं की शेजारचे डायोड-ट्रान्झिस्टर चालू होत नाहीत. जुन्या बोर्डाचा ट्रॅक, म्हणजे तांब्याची पट्टी, सोल्डर काढताना जरा जास्त उष्णता लागली की उचलला जातो. तीस कपॅसिटर उगाच उपसण्यापेक्षा खराब असलेले तीनच काढलेले किती बरे. मात्र दोन कपॅसिटर समांतर जोडलेले असतील तर चांगला वाईटाला झाकतो. तिथे एक पाय सोडवावाच लागतो.

लीकेज, म्हणजे कपॅसिटरमधून डीसी करंट झिरपणं, या मीटरला दिसत नाही, हे घेण्याआधी नीट लक्षात घ्या. व्हॉल्व्ह रेडिओतले मेणाचे कागदी कपॅसिटर याच्यावर ठीक दिसतील आणि तरी डीसी पुढे सोडतील. ते मी न मोजता बदलतो. आणि मेन्सच्या बाजूचा मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहतो. आधी रेझिस्टरमधून रिकामा करा, व्होल्टमीटरने खात्री करा, मगच प्रोब लावा. नाहीतर मीटर जाईल, आणि जिवालाही धोका आहे.

तक्रार प्रोबची. टोकं बोथट, आणि वायरचाच रोध 0.2 ओहम. दर वेळी टोकं जुळवून शून्य करावं लागतं. 1000 मायक्रोफॅरडच्या वर तर एवढ्या फरकाने निकालच बदलतो. मी त्या काढून जाड, आखूड वायरी आणि सुईसारखी टोकं लावली, तेव्हापासून आकडा स्थिर येतो.