वायरलेस मोशन सेन्सर : बरेच महिने वापरल्यावर काय वाटतं

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हे पीआयआर (उष्णतेवरून हालचाल ओळखणारे) सेन्सर आतून जवळपास सारखेच असतात आणि खरा फरक पडतो तो कुठे बसवलाय आणि नंतर कोणी बघतंय का यावर. माझ्याकडे झिगबीवाले (वायफायसारखाच, पण कमी बॅटरी खाणारा बिनतारी सिग्नल) आहेत, एक हॉलमध्ये, एक पॅसेजमध्ये, एक मागच्या दाराच्या आतल्या बाजूला, आणि हब, म्हणजे सगळ्या सेन्सरचे सिग्नल घेणारा डबा, राउटरला जोडलेला. सायरन वेगळा. एवढ्या महिन्यांनंतर माझं मत असं झालंय की वस्तू चांगली आहे पण ॲपमध्ये जे हिरवं हिरवं दिसतं त्यावर फार जाऊ नका, सेन्सर चालू आहे की नाही हे त्याच्यासमोरून चालत गेल्याशिवाय कळत नाही.

बसवायला काही नाही, पेअरिंगचं बटण दाबून धरा, हबने पकडलं की नाव द्या, झालं. डोकं लावायचं ते जागेत. हा सेन्सर कॅमेऱ्यासारखं बघत नाही, तो फक्त अंगातून किंवा गरम वस्तूतून निघणारी उष्णता पकडतो, म्हणजे साधारण ८ ते १४ मायक्रोमीटरचे इन्फ्रारेड किरण, आणि पुढची ती पांढरी रेघारेघांची लेन्स खोलीचे हाताची बोटं पसरावीत तसे पट्टे पाडते. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेला की ट्रिगर. त्यामुळे समोरून आडवं गेलात तर लगेच पकडतो, पण सरळ त्याच्याकडे चालत आलात तर बऱ्यापैकी जवळ येईपर्यंत गप्प बसतो. पॅसेजच्या टोकाला दाराकडे तोंड करून लावायची सगळ्यांना हौस असते, तिथे तो सगळ्यात उशिरा जागा होतो. आत येणारा माणूस आडवा जाईल अशा कोपऱ्यात लावा, जमिनीपासून साधारण ७ ते ८ फुटांवर. आणि काचेपलीकडचं त्याला दिसत नाही बरं का, साधी खिडकीची काच हे किरण अडवते, त्यामुळे आत बसून बाहेरच्या अंगणावर लक्ष ठेवेल वगैरे अपेक्षाच नको.

चिकटवायच्या टेपबद्दल दोन शब्द. बॉक्समध्ये दुहेरी टेप येते आणि गुळगुळीत टाइलवर ती बसतेही छान, पण डिस्टेंपर मारलेल्या भिंतीवर रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येते, माझा पॅसेजमधला असाच रात्री धप्पकन पडला आणि वरून टॅम्पर अलार्म (कोणी सेन्सर काढला-उघडला की वाजणारा) वाजला तो वेगळाच, सगळं घर उठून बसलं. स्क्रूचा ब्रॅकेट मिळत असेल तर तोच लावा. ड्रिल करायची इच्छा नसेल तर निदान भिंत पुसून पूर्ण कोरडी करून मग चिकटवा.

आता खोटे अलार्म, कारण लोक इथेच वैतागून सेन्सर काढून टाकतात. हॉलमधला सुरुवातीला एकदम शहाण्यासारखा वागला आणि मग काही महिन्यांनी रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी बोंबलायला लागला, बॅटरी बदलून झाली, हबपासून सगळं रीस्टार्ट करून झालं, आणि शेवटी कळलं की ऋतू बदलल्यावर उन्हाची तिरीप आता नेमकी समोरच्या जमिनीवर पडत होती आणि पडदा हलला की तो गरम पट्टाही हलत होता. म्हणजे जागा बसवताना बरोबर असली तरी वर्षभर बरोबर राहीलच असं नाही. एसीचा किंवा हीटरचा झोत थेट अंगावर येत असेल तरी हेच होतं. आणि कोळी! लेन्सवरून कोळी चालत गेला तर इतक्या जवळून तो त्याला भलताच मोठा वाटतो. मागच्या बाजूला वायरसाठी किंवा स्क्रूसाठी भोक असेल तर सिलिकॉनने बुजवून टाका, किडे आत शिरत नाहीत.

उलटी भानगड कडक उन्हाळ्यात. खोलीच ३५-३६ अंशांवर गेली की अंग आणि भिंत यांच्या तापमानात फरकच उरत नाही आणि सेन्सर मठ्ठ होतो. चांगल्या मॉडेलमध्ये याची भरपाई करणारं सर्किट असतं, तरी रेंज कमी झालेली जाणवते. भर उन्हाळ्यात घर बंद करून गावाला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

बॅटरी. माझ्या सेन्सरमध्ये सीआर २४५० हा चपटा बटण सेल आहे, ॲपमध्ये महिनोन्‌महिने १०० टक्के, मग एक दिवस थेट ऑफलाइन. यात ॲपचा पूर्ण दोष नाही, लिथियम सेलचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे टक्केवारी हा निव्वळ अंदाज. वर काही हब बॅटरीवरचं डिव्हाइस बराच वेळ गप्प असलं तरी ऑनलाइनच दाखवत राहतात. म्हणून मी सेल घातल्याची तारीख आतल्या झाकणावर पेनाने लिहून ठेवतो आणि टक्के न बघता वेळेवर बदलतो. ज्या पॅसेजमधून घरचे दिवसभर ये-जा करतात तिथला सेल साहजिकच आधी संपतो. काढलेला सेल लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, गिळला गेला तर अन्ननलिका भाजते, हे खरंच गंभीर आहे.

वॉक टेस्ट महिन्यातून एकदा करतोच. इथे एक गोम आहे, बॅटरी वाचवायला हे सेन्सर एकदा ट्रिगर झाले की थोडा वेळ झोपतात, माझ्यावाल्यात मिनिटभर, काहींमध्ये ३ मिनिटांपर्यंत, त्यामुळे सारखं समोरून नाचत राहिलात तर वाटतं बिघडला. टेस्ट बटण दाबलं की काही वेळ ती झोप बंद होते आणि प्रत्येक हालचालीला लाइट लुकलुकतो, तेव्हा खोलीत सगळीकडून आडवं-उभं चालून बघायचं. त्याच वेळी लेन्स कोरड्या मऊ फडक्याने पुसून घ्यायची, स्पिरिट-थिनर काही लावायचं नाही, ते प्लॅस्टिक आहे.

रेंजचं म्हणाल तर झिगबी आणि नेहमीचं वायफाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झवर, हब राउटरला खेटून ठेवला तर सिग्नल गळतो. थोडा लांब सरकवल्यावर मागच्या दाराचा सेन्सर तुटायचा थांबला. आणि बॅटरीवरचे सेन्सर एकमेकांचा सिग्नल पुढे ढकलत नाहीत, ते काम प्लगमध्ये लावलेली झिगबी उपकरणंच करतात, म्हणून मध्ये एक स्मार्ट प्लग टाकला. लाइट गेली तर सेन्सर जिवंत पण हब मेलेला, मग उपयोग शून्य, त्यामुळे हब आणि राउटर दोन्ही छोट्या यूपीएसवर. एकदा राउटरची इंटरनेटची केबल काढून सायरन वाजतो का तेही बघून घ्या, काही हबचं सगळं डोकं क्लाउडमध्येच, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर असतं.

पाळीव प्राण्यांसाठी म्हणून जो मोड असतो तो कुत्रा जमिनीवर असेपर्यंत ठीक, मांजर कपाटावर चढलं की संपलं, सेन्सरच्या लेखी तुम्ही आणि मांजर एकच. मांजर असणाऱ्यांनी हॉलच्या सेन्सरचे पैसे वाचवून दार-खिडक्यांना मॅग्नेटवाले सेन्सर लावलेले बरे. मी पुढचा घेताना स्क्रूचा ब्रॅकेट, टॅम्पर स्विच, वेगळं टेस्ट बटण आणि बटण सेलऐवजी सीआर १२३ए किंवा एए एवढंच बघणार आहे, ॲप कितीका सुंदर असेना.