मोठ्या शहरात पिझ्झा शोधताना: नेपल्सची धाटणी की न्यूयॉर्कची?

मोठ्या शहरात पिझ्झाची दुकानं शेकड्यांनी असतात, पण मनापासून पिझ्झा करणारी बहुतेक इटलीतल्या नेपल्सच्या किंवा न्यूयॉर्कच्या, या दोनपैकी एका वाटेनं जातात.

नेपल्सच्या धाटणीचं दुकान मी आधी भट्टीवरून जोखतो. लाकडावरची भट्टी 430 ते 480 अंश सेल्सिअसला तापलेली असली की पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत बाहेर येतो. कड टम्म फुगलेली, तिच्यावर बिबट्यासारखे काळे ठिपके, मधला भाग इतका मऊ की उचलला तर वाकतो. हा पिझ्झा तिथेच, ताटात आला की लगेच खावा. डब्यात दहा मिनिटं कोंडला की वाफेनं कड चिवट होते. म्हणून असा पिझ्झा घरी मागवून त्या दुकानाबद्दल मत बनवणं मला अन्यायाचं वाटतं. नेपल्सच्या पिझ्झा कारागिरांच्या कलेला युनेस्कोनं 2017 मध्ये वारसा म्हणून मान दिला, तो उगाच नाही.

न्यूयॉर्कच्या धाटणीत भट्टीची आच कमी आणि भाजणं सावकाश. तळ कुरकुरीत, तरी तुकडा मधोमध दुमडता येतो. चीज कमी ओलसर, त्यामुळे हा पिझ्झा प्रवास सोसतो आणि पुन्हा गरम केला तरी चालतो. इथे गर्दीच्या वेळी जावं, तुकडे ताजे मिळतात.

दोन्हीकडे पहिल्यांदा साधा मार्गरीटा किंवा नुसता चीजचा पिझ्झाच मागवा. टॉपिंगच्या ढिगाखाली कच्चं पीठ सहज लपतं. एकच संध्याकाळ हाताशी असेल, तर मी नेपल्सच्या भट्टीसमोर बसेन.