रेस पेडल ढिलं पडलंय? पिंपळगावच्या या मिस्त्रीला दाखवा

पिंपळगाव बसवंतला हायवेच्या सर्व्हिस रोडला पत्र्याचं शेड आहे. बोर्ड-बिर्ड काही नाही, पण जुन्या पिकअपवाल्याला विचारा, कोणीही दाखवेल.

माझी गाडी जुन्या मेकॅनिकल पंपाची, म्हणजे इंजिनाला डिझेल देणारा पंप. सेन्सरची भानगड नाही, पेडलपासून पंपापर्यंत सरळ केबल. उमराण्याहून कांदा भरून निघालं की राहुड घाटात पार दम टाकायची. पेडल निम्मं तर पोकळच जायचं, वर डावं-उजवं डुलायचं. एका गॅरेजवाल्यानं गाडीखाली न वाकताच "पंप उघडावा लागेल" म्हणून सांगितलं. आकडा ऐकला आणि गाडी बाहेर काढली.

या मिस्त्रीनं आधी पान्याला हातच लावला नाही. इंजिन बंद, बॉनेट वर. मला म्हणाला, "दादा, खाली बसून हातानं दाबा. पायाला खोट कळत नाही." स्वतः पंपाच्या लिव्हरवर डोळा लावून उभा. पेडल दोन बोटं खाली गेलं तरी लिव्हर जागचा हलेना. पार फ्लोअरला टेकवलं तरी तो फुल रेसच्या स्टॉप स्क्रूपर्यंत पोचत नव्हता. मग घाटात गाडी ओढणार कशी?

पुढं पंपाकडून केबल सोडून लिव्हर हातानं फिरवला. स्क्रूला टेकला, सोडल्यावर झटक्यात मागे आला. पंप आणि स्प्रिंग सुटले संशयातून. राहिलं पेडल आणि केबल. पेडलच्या पिनेवरचा बुश (पिन ज्यात फिरते ती नळी) झिजून अंड्यासारखा झालेला, आणि केबलच्या पेडलकडच्या टोकाला तारा तुटून पिंजारलेल्या. मोबाईलच्या उजेडात दाखवल्या, मी बोट फिरवलं तर टोचल्या. भरल्या गाडीत केबल पुरती तुटली नाही हे नशीबच म्हणायचं.

इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशन रबरही बघितलं. ते बसलं असेल तर रेस देताना इंजिन हलतं आणि नवी केबलही ताणली जाते, म्हणे. माझं ठीक निघालं.

नवी केबल, नवा बुश. ॲडजस्टरवर किंचित ढील ठेवूनच लॉक नट आवळला. केबल ताठ ओढली तर पाय काढल्यावरही इंजिन रेसमध्येच राहतं. पेडलखालची जाड मॅट मात्र काढायला लावली, ती मला आवडायची. सामान-मजुरी धरून हजाराच्या आत काम झालं.

तक्रारी आहेत. बिल मिळत नाही. मार्केटच्या गर्दीच्या वेळी गेलात तर अर्धा दिवस गेलाच समजा, बसायला एक टायर आहे आणि तोही बहुतेक वेळा कोणीतरी अडवलेला असतो. नव्या इलेक्ट्रॉनिक पेडलच्या गाड्या तो घेतच नाही, तसं तोंडावर सांगतो. जुनी झालेली केबल मागून घ्या, न मागता देत नाही.